पिवळ्या दिव्यापर्यंतचं गाणं

(बर्मिंगहॅम, रविवारची संध्याकाळ. एका क्लबच्या स्टेजमागे, बिअरच्या पिंपांमध्ये गायिका मार्वेट बसली आहे. साउंड सांभाळणारा गेथिन आत येतो.)

गेथिन : कार्यक्रम बंद पडला. मालकाने ओरडून तसं जाहीरही केलं.

मार्वेट : मग गेले लोक?

गेथिन : कोणी उठलंच नाही. तेव्हा मालक गुपचूप काउंटरमागे गेला आणि आपण काही बोललोच नाही अशा चेहऱ्याने बिअर ओततोय. तूही तोच चेहरा कर. वीज आलीय. दुसऱ्या भागात तेच गाणं पहिल्यापासून घे.

मार्वेट : मी नाही जाणार. वर्षभर घासलंय ते गाणं. वरच्या सुरावर पोचले, डोळे मिटले, उघडले तर अंधार. मला वाटलं, मेले.

गेथिन : ड्रमवाला वाजवतच होता. तू मेली असतीस तर निदान हळू वाजवलं असतं त्याने.

मार्वेट : आग लागो तुझ्या त्या डब्याला.

गेथिन : माझा नाही, नगरपालिकेचा. भिंतीपलीकडे फ्लॅट झाले तेव्हापासून आवाज मोजायला बसवलाय. हिरव्या दिव्यात गा, पिवळ्यात गा, लाल लागला की तो स्टेजची वीज तोडतो. वर सील. मी नुसता बघत बसतो, शेजाऱ्याचा टीव्ही बघावा तसा.

मार्वेट : चूक माझीच आहे. मावशी लहानपणापासून सांगायची, वर जाताना आवाज ढकलू नकोस, उचल. आज पहिल्यांदा ती मला ऐकायला क्लबात आली, चर्चचा अख्खा क्वायर, सगळ्या गाणाऱ्या बायका, मिनीबसमध्ये कोंबून. मंगळवारी जमैकाला चाललीय, कायमची. आणि नेमकं आजच मी ढकललं.

गेथिन : नाही ढकललंस.

मार्वेट : समजूत घालू नकोस.

गेथिन : मला येत नाही समजूत घालता, माझ्या बायकोला विचार. मी डब्याकडे बघत होतो. तुझा सूर पिवळ्यावर होता, हलला नाही. लाल त्यानंतर लागला.

मार्वेट : त्यानंतर म्हणजे?

गेथिन : त्यानंतर पुढच्या टेबलावरची जांभळी टोपी ओरडली. मग तिच्यामागच्या सगळ्या टोप्या.

मार्वेट : जांभळी टोपी मावशीची आहे.

गेथिन : असेल. डबा नातं विचारत नाही.

मार्वेट : काय ओरडली?

इसिल्डा मावशी : आमेन म्हणाले. दार उघडं होतं म्हणून आले आत. बसायला काही आहे, की पिंपावरच?

मार्वेट : तू आमेन म्हणालीस? मला?

इसिल्डा मावशी : गाण्याला. गाणं आत पोचलं की आमच्या चर्चमध्ये आमेन म्हणतात. तू मध्ये उभी होतीस.

मार्वेट : सगळं लहानपण तुझ्या क्वायरमध्ये गेलं, एकदा म्हणाली नाहीस. त्या ईस्टरला मी एकटी गायले, बाकांवरची माणसं रडत होती, आणि तू म्हणालीस, रविवारी मोजे पांढरे घालत जा.

इसिल्डा मावशी : निळे होते.

मार्वेट : म्हणून तर क्वायर सोडून गेले मी. आईच्या रेकॉर्डी, तुझ्या क्वायरचे सूर, सगळं एका पातेल्यात घालून माझं माझं शिजवलं.

इसिल्डा मावशी : वाचलं पोस्टरवर. निओ-सोल, म्हणे नवं सोल संगीत. जुन्या सोलला काय धाड भरली होती, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. पण त्या सुरावर तू उचललंस. मग माझ्या तोंडून गेलं.

मार्वेट : आणि ऐकलं कोणी? डब्याने. माझ्या कानात ही इअरफोनची बोंडं होती, मला माझ्याशिवाय कोणी ऐकूच येत नव्हतं.

इसिल्डा मावशी : मग परत गा. परत म्हणते.

गेथिन : मिसेस ग्रँट, परत म्हणालात तर परत वीज जाईल. आणि मालकाने सांगितलंय, परत गेली तर तो खरोखरच सगळ्यांना घरी पाठवणार.

इसिल्डा मावशी : मी काय ठरवून म्हणते का, बाळा? शिंकेसारखं आहे ते.

मार्वेट : तोंडात पेपरमिंट धर.

इसिल्डा मावशी : प्रवचनात तेच करते. पेपरमिंट पुढच्या बाकावर जाऊन पडते.

गेथिन : आणि बाकीच्या टोप्या?

इसिल्डा मावशी : त्या माझ्यामागून येतात. क्वायर आहे तो, मी एकेकीला पारखून घेतलेला. कुजबुजायला नाही शिकवलं मी त्यांना.

गेथिन : मार्वेट, एक काय ते ठरव. अख्खं गाणं हवं की आमेन? दोन्ही या इमारतीत मावत नाहीत.

मार्वेट : गाणं. तिने शेवटपर्यंत ऐकायला हवं. पण कानातलं काढून गाते.

गेथिन : मग सूर कसा धरशील?

मार्वेट : चर्चमध्ये धरायचे.

इसिल्डा मावशी : कधी कधी.

मार्वेट : गेथिन, आधी तू जाऊन सांग लोकांना. नीट सांग, नोटिशीसारखं. नाहीतर या बायका मनावर घेत नाहीत.

गेथिन : (माइकवर) क्लबच्या व्यवस्थापनातर्फे समस्त प्रेक्षकांना, विशेषतः टोपीधारक भगिनींना, नम्र विनंती करण्यात येते की, यापुढील गाणं कितीही आत पोचलं, तरी नगरपालिकेच्या ध्वनिमर्यादेस अनुसरून आमेन कृपया मनातल्या मनात म्हणावं.