सगळ्या रकान्याला एकच हाक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या प्रयोगशाळेचे संचालक महोदय; व्यासपीठावर बसलेल्या रसायन विभागाच्या प्रमुख बाई; आणि समोरचे माझे सर्व सहकारी, ज्यांचं अर्धं लक्ष माझ्याकडे आणि अर्धं मागच्या टेबलावरच्या चहाकडे आहे, त्या सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं, की निवृत्त होणारा दुसराच कोणी आहे की काय, अशी मला मध्येच शंका आली! प्रमुख बाई म्हणाल्या, "यांनी उतारवयात नवं प्रोग्रामिंग आत्मसात केलं." फार भारदस्त शब्द वापरलात, बाई. मला ते फोनवर शिकवलं गेलं. कोणी शिकवलं, एवढं सांगायची आज परवानगी असावी.

आपलं काम आपण सगळे जाणता. विहिरींचं, नळांचं पाणी तुम्ही तपासता आणि आकडे संख्याशास्त्राच्या खोलीत माझ्याकडे येतात. आकडा मर्यादेच्या वर गेला तर पाणी 'धोक्याचं', नाहीतर 'ठीक'. जुन्या पद्धतीत माझं बरं चाललं होतं. मग हेच काम प्रोग्राम लिहून करायची नवी पद्धत आली, आणि संचालक महोदयांनी मला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, की जमत नसेल तर अभिलेख कक्षात एक खुर्ची रिकामी आहे. हसू नका साहेब, तुम्हीच म्हणाला होतात!

मी ईर्ष्येने एक फंक्शन लिहिलं. आत आकडा द्यायचा, बाहेर उत्तर घ्यायचं. एक आकडा दिला, उत्तर बरोबर. दुसरा दिला, तेही बरोबर. हुरूप आला, म्हणून सगळा रकानाच त्याच्या पुढ्यात ठेवला. उत्तर आलं, 'ठीक'. एवढा एकच शब्द! खाली लाल अक्षरांत काही सूचना होती. ती वाचतो कोण? मी जाहीर करून टाकलं, सगळीकडचं पाणी स्वच्छ. त्यावर प्रमुख बाई आपल्या खुर्चीतून ताडकन उठल्या. "अहो, त्यातल्या दोन विहिरी मी स्वतः बंद करायला सांगितल्यात!"

त्या संध्याकाळी मी मुलीला फोन लावला. ती दूरदेशी असते, संख्याशास्त्रातच काम करते. तिची आई गेल्यापासून आमचं फोनवरचं बोलणं कसं असायचं? "जेवलात?" "जेवलो." "गोळी?" "घेतली." "बरं, ठेवते." दोघांनाही बोलायचं असायचं, सुरुवात कुठून करायची ते कळायचं नाही.

त्या दिवशी मी पाठवलेलं फंक्शन तिने पाहिलं आणि खळखळून हसली. "बाबा, तुम्ही लिहिलेल्या 'जर मर्यादेच्या वर'ने फक्त पहिल्या आकड्याला विचारलं. तो ठीक म्हणाला, विषय संपला. बाकीच्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही."

"मग एकेकाला विचारत बसू?"

"कशाला? व्हेक्टराइज्ड फंक्शन वापरा."

"ते काय असतं?"

तिने मलाच उलट विचारलं. "आई जेवायला कशी बोलवायची? प्रत्येकाचं दार ठोठावायची का?"

"छे! स्वयंपाकघरातून एकदाच ओरडायची."

"आणि?"

"आणि सगळे आपापल्या खोलीतून यायचे. तू सोडून."

"मीही यायचे, फक्त पुस्तक घेऊन यायचे. तर हे तसंच आहे, बाबा. हाक एकच. ती रकान्यातल्या प्रत्येकाला ऐकू जाते आणि प्रत्येक जण आपलं आपलं उत्तर देतो. जितके आकडे, तितकी उत्तरं, आणि बसलेत त्याच क्रमाने."

मला कळलं. लख्ख कळलं. आणि आणखी एक कळलं. आई गेल्यानंतर आमच्या बोलण्यात ती पहिल्यांदाच आली होती.

मग लेकीने मला नवी ओळ सांगितली. मी ती लिहिली. उत्तरांचा रकाना सरसर खाली उतरला, आणि बाईंच्या दोन्ही विहिरी आपापल्या जागी 'धोक्याचं' म्हणून उभ्या! एक जागा मात्र रिकामी होती; त्या नमुन्याची बाटली वाटेतच फुटली होती.

"इथे काय भरू गं?"

"काही नाही भरायचं, बाबा," ती हळूच म्हणाली. "जे नाही, ते नाहीच दाखवायचं."

पुढे रोज संध्याकाळी शिकवणी चालली. दोन ओळी प्रोग्रामच्या झाल्या, की तिच्या आईची एखादी गोष्ट निघायची. तिचं गाणं गुणगुणणं, तिचं रागावणं, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणं. मी संध्याकाळची दिवसभर वाट पाहायचो.

आणि मग मला सगळं यायला लागलं. अभिलेख कक्षातली खुर्ची रिकामीच राहिली, तुम्ही सगळ्यांनी पाठ थोपटली. शिकून झाल्याचं दुःख कोणाला होतं का हो? मला झालं. फोन पुन्हा जेवणावर आणि गोळीवर आला. मी हातात फोन घेऊन एखादी शंका शोधत बसायचो, आणि सापडायची नाही.

गेल्या रविवारी राहवलं नाही. लावला फोन.

"बाबा, काय अडलं?"

"काही नाही अडलं."

"मग?"

"असाच केला."

पलीकडे फोडणी चरचरत होती. मला वाटलं, कामात असेल, उगाच केला. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा हं. गॅस बंद करून येते. मग निवांत बोलू."

असो. आभार मानायला उठलो आणि भलतंच सांगत बसलो. संचालक महोदय, बाई, आणि माझ्या चुका मुकाट्याने दुरुस्त करणारे माझे सगळे सोबती, तुम्ही मला सांभाळून घेतलंत, मी तुमचा कायमचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि चहाला फार वेळ थांबलो नाही तर रागावू नका. मला एक फोन करायचा आहे, आणि विचारायचं काहीच नाही.