एकतीस ताऱ्यांचा आळ

...आता तुम्हीच सांगा, टीव्ही काळा दिसला तर माणसानं काय करावं? टीव्हीच्या टाळक्यात दोन द्याव्यात, वायर उपटून फुंकर मारून परत खुपसावी, झालंच तर बायकोवर खेकसावं... पण थेट केबलवाल्याच्या म्हाताऱ्या बापाला धरायचं? बापानं काय केलं होतं? मी फक्त बटण दाबलं.

थांबा, असं मधनंच नको. मी बाबासो. मूळचा सातारकडचा, शाळा चौथीपर्यंत, ती पण चौथी मला सोडंना म्हणून दोनदा. सगळी उमर मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलण्यात गेली, मार्केट मुंबईतनं खाडीपलीकडं आलं तसा त्याच्या मागनं मी पण आलो. आता पाठ रिटायर. पोरगं शिवतेज, त्यानं इथं नेरूळला केबलचा धंदा टाकला. आमच्या गॅलरीत मशीन, मशीनसमोर खुर्ची, खुर्चीत मी. तिथनं वायर निघती ती सगळा सेक्टर फिरून खाली सारसोळे गावातल्या कोळ्यांच्या घरापर्यंत. दुपारी दोनला शिवतेज पिक्चरची कॅसेट देऊन जाणार, मी बटण दाबणार, आणि हजार घरातनं गाणं सुरू होणार. तुम्हाला सांगतो, आयुष्यभर दुसऱ्याच्या गोण्या वाहिलेल्या माणसाला असलं राज्य कुठं मिळतं हो?

आता राज्य म्हणलं की राजाची थोडी गंमत आलीच. खुनाचा पिक्चर होता, दोन कॅसेटचा. मी दुसरी आधी लावली. खून व्हायच्या आधीच खुनी कोण ते सगळ्या सेक्टरला कळलं, मग पहिली लागली तर बायका टीव्हीतल्या बाईला ओरडून सांगतायत, अगं त्याच्या हातचं सरबत नको घेऊ. एवढीच गंमत. शिवतेजनं मात्र घर डोक्यावर घेतलं. म्हणतो, "आबा, आता ह्यापुढं एक, एक जरी तक्रार आली तर खुर्चीत मेहुण्याला बसवणार, आणि तुम्ही गावाकडं." गावाकडं काय ठेवलंय माझं? चुलतभाऊ, आणि त्याचा खोकला. मी शपथ घेतली. म्हणलं, बाबा, ह्यापुढं देशील ती कॅसेट आणि दाबीन ते बटण, बास.

आणि नेमके त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दिलीपराव दारात.

दिलीपराव म्हणजे बेलापूरला ऑफिसात नोकरी, पण जीव सगळा आभाळात. लिफ्ट बंद, पाण्याची टाकी गळती, हे विचारायला जावं तर म्हणणार, "काका, आज गुरू बघितलात का?" म्हणलं, गुरुजींनीच मला बघायचं सोडलं चौथीत. तर गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट, अठ्ठ्याण्णव सालची. पेपरात आलं की पहाटेच्या वक्ताला तारे तुटणार, पावसासारखे. दिलीपरावांनी मेहुण्याचा दुबईचा कॅमेरा आणला, स्टँडला बांधून गच्चीवर टाकीशेजारी उभा केला, आणि माकडटोपी घालून पहाटेचं तीन तास आभाळाचं शूटिंग केलं. डोळ्यानं म्हणे मोप तारे तुटलेले दिसले. मग वाशीला जाऊन ते सगळं मोठ्या कॅसेटवर उतरवून घेतलं.

म्हणलं, मग बसा की बघत.

"तसं नसतं, काका," दिलीपराव म्हणाले, एकदम मास्तरासारखं. "शूटिंग हे अर्धं काम. खरं काम पुढे. कॅसेट लावून पडद्यासमोर बसायचं आणि उल्का मोजायच्या. एका माणसाचे डोळे चुकतात, पापणी लवली की गेली. जास्त डोळे पाहिजेत. मी स्वतःसुद्धा अजून बघितलेली नाही, आधी बघितली तर मन पक्षपात करतं. आमच्या आकाशवेड्या मंडळात आजवर एवढ्या डोळ्यांनी कुणी मोजलेलं नाहीये. हे जमलं ना, तर माझं नाव राहील."

हे बोलताना त्यांचा आवाज जरा हलला हो. बायको सुचित्राताई घरी त्यांना कॅमेऱ्यावरनं काय काय बोलायची ते छतातनं आम्हाला सगळं ऐकू यायचं.

डोळे पाहिजेत, तर डोळे कुणाकडं? केबलकडं. शिवतेजला पहिलं पटंना, तीन तास काळा टीव्ही कोण बघणार? पण आमचा तो केबलचा डबा, ज्यातनं पुढं सगळीकडं वायरी जातात, तो सोसायटीच्या गच्चीवर, आणि गच्चीची चावी सेक्रेटरीकडं. पटलं. शनिवारी दोनला पिक्चरच्या जागी आभाळ. दिलीपरावांनी जिन्याखाली नोटीस लावली, "सर्व सभासदांनी केबलवर आकाश पाहावे व तारे मोजावेत." घराघरात वाटीत चणे तयार. तारा दिसला की एक चणा बाजूला.

आणि जाता जाता मला म्हणाले, "काका, एक लक्षात ठेवा. ह्या उल्का सगळ्या आभाळातल्या एकाच ठिकाणाहून आल्यासारख्या दिसतात. हीच त्यांची खूण." म्हणलं, ठेवलं लक्षात. लक्षात ठेवायला काय जातंय.

आता गंमत बघा. नोटीस लागली एका बिल्डिंगच्या एका जिन्यात. आणि वायर जाती हजार घरात. हा हिशोब आभाळ मोजणाऱ्या माणसाच्या डोक्यात आला नाही, तर चौथी नापासाच्या का यावा?

शनिवार. शिवतेज वायरचं बंडल आणायला पनवेलला गेलेला. दोन वाजले. कॅसेट घातली. मी फक्त बटण दाबलं.

काळं. चांगलं कढईच्या बुडासारखं काळं. आणि फोन. आणि फोन. आणि फोन. "आबा, केबल गेली." "आबा, परत काय केलंत?" शेजारच्या बिल्डिंगची सत्यभामा मास्तरीण तर म्हणाली, "आज काय, खुनी आधीच मेला का?" मी आपलं गोड आवाजात, ताई, केबल चालू हाय, ते आभाळ हाय, तारे तुटणार हायत. तर म्हणती, "दुपारचे?" 

मग सारसोळ्याच्या जाईबाईचा फोन. जाईबाई कोळीण, आवाज असा की फोनची काय गरज तेच कळत नाही. "ए दादा, टीवी आंधला झालाय का काय?" म्हणलं, बाई, जरा दम धर, बघत ऱ्हा, तारा तुटंल. आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, टाकीच्या कोपऱ्याकडनं एक हिरवट रेघ निघाली आणि पडद्यावरनं तिरकी सर्रकन गेली, अशी की माझ्या तोंडातली सुपारी खाली पडली.

आणि फोनमधनं हळूच जाईबाई, "दादा... गेला रं. मी हात जोरले नाय तवर गेला. मना काय तरी मागाचा होता. परत लाव."

म्हणलं, बाई, तुटलेला तारा परत लावत नसतात.

"पिच्चरमधला गाना लावतोस ना परत? मंग? जावई आयलाय चार दिवसांसाठी तो महिना झाला हालत नाय. मना मागाचाच हाय. नाय लावलास तं तुज्या पोराला सांगन."

आता इथं तुम्ही न्याय करा. शपथ काय होती? एकही तक्रार नको. जाईबाईनं शिवतेजला सांगितलं, तर ती काय झाली? तक्रार. मग तक्रार टाळणं हा गुन्हा हाय? मशीन थांबवलं. आमचं मशीन जुनं, थांबलं की पडदा नुसता काळा. आणि चाललं तरी काळा. आभाळ कुठलं आणि थांबलेलं मशीन कुठलं हे देवाला सुद्धा कळणार नाही. जरा मागं घेतली, आणि मी फक्त बटण दाबलं. टाकीचा कोपरा, हिरवी रेघ, सर्रकन. जाईबाईचा फोन गपकन बंद. तिचं मागून झालं.

पण गावात गोष्ट ऱ्हाती व्हय? जाईबाईनं शेजारणीला सांगितलं, केबलवाला म्हातारा पाहिजे तेव्हा तारा पाडतो. झालं. एकीला सासूचा गुडघा बरा पाहिजे. एकाला पोरगं दहावी पास पाहिजे, मी म्हणलं, त्याला एक पुरणार नाही, दोन पाडतो. वरच्या मजल्यावरच्या गोजराबाईला नळाला जोर पाहिजे. एक माणूस नुसताच म्हणाला, "काका, एक टाका," म्हणलं, काय मागताय, तर म्हणाला, "बायको शेजारी हाय, सांगता येत नाही." आमची राजाबाई, माझी बायको, ती पण स्वयंपाकघरातनं हात पुसत आली, टीव्हीसमोर डोळे मिटून उभी ऱ्हायली. म्हणलं, अगं, काय मागितलंस? म्हणाली, "तुमची वाचा जाऊ दे."

मी काय करणार? ज्याला नाही म्हणावं, त्याची तक्रार. थांबव, मागं घे, बटण. थांबव, मागं घे, बटण. तुम्हाला खरं सांगतो, ती कॅसेट पहिल्या पावतासाच्या पुढं सरकलीच नाही.

आणि तिकडं वरच्या मजल्यावर दिलीपराव. तेच आभाळ, तीच टाकी, तोच कोपरा, तीच रेघ. कुणाला संशय यावा? पण त्यांनी सांगितलेलं ना, सगळ्या एकाच ठिकाणाहून येतात म्हणून. छतातनं ऐकू येत होतं, "बघ सुचित्रा, बघ, परत तिथूनच, सांगितलं होतं की नाही मी?" आणि सुचित्राताई, जिनं आजवर नवऱ्याला नीट हो म्हणलेलं मी ऐकलं नव्हतं, ती म्हणाली, "खरंच हो." चण्याचा आवाज आला वाटीत. आता असल्या संसारात मी कशाला मधी तोंड घालू?

पाचला शिवतेज आला. सगळा सेक्टर खूश. तक्रार, एक नाही. दिलीपराव पेढे घेऊन खाली. "बत्तीस, काका. सगळ्या घरांचे चणे जुळले. बत्तीस उल्का." शिवतेजनं माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाला, "आबा, सुधारलात." मी पेढा खाल्ला. दिलीपरावांनी रात्रीच मंडळाला फोन लावला, आणि कॅसेट घेऊन गेले वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात. तोंड उतरलेलं, कॅसेट हातात. रात्रभर शेवटपर्यंत बघितलेली. "एकच आहे," म्हणाले. "काका, ह्यात एकच उल्का आहे."

आता मात्र माझं काळीज हललं. खरं सांगून टाकलं. म्हणलं, दिलीपराव, कॅमेऱ्यात एकच आली होती, मीच ती फिरवून फिरवून लावली, ह्या जावयापायी आणि त्या नळापायी.

माझ्याकडं बघितलं त्यांनी. "काका, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पण निदान आज थट्टा नको. गच्चीवर मी माझ्या डोळ्यांनी ढीगभर बघितल्या होत्या. काल सगळ्या बिल्डिंगनं बत्तीस मोजल्या. सगळ्या एकाच ठिकाणाहून आल्या, शास्त्रात आहे तशा. आणि आज एक? ते लाल बटण दाबलंत तुम्ही. रेकॉर्डचं. बाकीच्या पुसून टाकल्यात." आणि मग शिवतेजकडं वळून, "ह्यांनी कबूल केलं नाही, तर गच्चीवरचा डबा उद्या बंद."

बघा आता. तारे वाढवले मी, आणि आळ काय, तर कमी केल्याचा.

शिवतेज मला आत घेऊन गेला. "आबा, कबूल करा."

"अरे, पण मी पुसले नाहीत."

"मला काय सांगताय? डबा गेला की धंदा गेला, धंदा गेला की खुर्ची कशाला? उद्याची सातारा गाडी पकडा मग."

मला चुलतभावाचा खोकला ऐकू यायला लागला. बाहेर आलो. हात जोडले. म्हणलं, दिलीपराव, चुकलं. मी फक्त बटण दाबलं.

"कोणतं?"

"तुम्ही म्हणाल ते."

त्यांनी लांब श्वास घेतला, शांत झाले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे काका, वयामुळे होतं." मंडळाला कळवून टाकलं, बत्तीस उल्का, पैकी एकतीस शेजाऱ्याच्या हातून गेल्या. मंडळानं म्हणे हळहळ व्यक्त केली. नाव ऱ्हायलं त्यांचं. खुर्ची ऱ्हायली माझी.

पण सोसायटीत आता माझी काय पत ऱ्हायली ते बघा. परवा अमावस्या होती. जिन्यात सुचित्राताई भेटल्या, चेहरा एकदम गंभीर ठेवून विचारतात, "आबा, आज चंद्र दिसत नाही. तुम्ही तर नाही ना नेलात?"

म्हणलं, नेलाय ताई. दोन दिवसांनी संध्याकाळी आणून देतो, पण आधी थोडाच येईल.