व्हिडिओतला दुसरा पाय

...आणि म्हणे टाच! अहो, साडेतीन मिनिटं मी घाम गाळून ड्रम वाजवतोय, एक हात इकडे, एक हात तिकडे, कपाळावरचा घाम डोळ्यात, डोळ्यातला घाम मिशीत, आणि हे लोक बघतायत काय, तर माझी टाच! टेकलेली आहे का उचललेली आहे! मी काही बोललो? नाही बोललो.

तुम्हाला सांगतो, आमचा ड्रमवाल्यांचा एक ग्रुप आहे. फोनवरचा. सदतीस माणसं, सगळी हौशी. पोटापाण्याला कोणी काय करतो, कोणी काय करतो, मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर काढतो. दिवसभर 'हे स्पष्ट दिसतंय का ते?', 'हे का ते?' आणि संध्याकाळी ड्रम. तर ग्रुपमध्ये करायचं काय, एखादं गाणं घ्यायचं, ज्यातला ड्रम काढून टाकलाय असं. ते स्पीकरवर लावायचं, त्याच्यावर आपला ड्रम आपण वाजवायचा, व्हिडिओ काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. याला कव्हर म्हणतात. मग उरलेल्या छत्तीस जणांनी तो मन मोठं करून बघायचा आणि 'वा' म्हणायचं. निदान माझी अशी समजूत होती. तीन वर्षांत मला 'वा' आला एकदा. तोही चुकून. पाठवणाऱ्याला तो स्वतःच्या बायकोला पाठवायचा होता.

कारण आमच्या ग्रुपात दोन पक्ष आहेत. टाचवाले आणि चवडेवाले. आता, तो जो मोठा ड्रम असतो ना, जमिनीवर आडवा, तो पायाने वाजवतात, पेडल दाबून. टाचवाल्यांचं म्हणणं, टाच जमिनीला टेकवूनच पेडल दाबायचं. चवडेवाल्यांचं म्हणणं, टाच उचला, चवड्यावर या, सगळा पाय त्यात घाला. एवढंच. एवढ्यावरून तीन वर्षं! सरकारं आली, गेली!

टाचवाल्यांचा पुढारी म्हणजे आमचा गुरांचा डॉक्टर. हा लिहीत नाही, बोलून पाठवतो, आणि बोलतो कसा, तर गाय झोपलीय आणि उठायला नको असा. 'हे बघा... पोटरी म्हणजे... पोटरी आहे... ती एकदा आखडली... की आखडली...' चार मिनिटं! पाठीमागे खरोखरची गाय हंबरत असते. आणि चवडेवाल्यांचा पुढारी लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याचं सगळं घाईत, दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकलेली असल्यासारखं. 'वजन वरून खाली आलं पाहिजे साहेब, वरून खाली, लिफ्ट कशी येते, तशी मांडी आली पाहिजे, टाच टेकवली की ब्रेक लागला, संपला विषय!' विषय कसला संपतोय? दुसऱ्या दिवशी कोणी गाण्याचा व्हिडिओ टाकला, की पहिला प्रश्न, 'टाच दिसत नाहीये, टाच दाखवा.'

आणि या दोघांच्या वर आमचे बँडमास्तर. एकतीस वर्षं पोलिसांच्या बँडात, आता निवृत्त. बोलत नाहीत. महिन्यातून एखादी ओळ लिहितात, आणि ती आली की सगळे गप्प, गुरांचा डॉक्टरसुद्धा. दर वर्षी एका हॉलमध्ये ग्रुपचा मेळावा होतो, तिथे नऊ जणांनी वाजवायचं, आणि ते नऊ जण मास्तर निवडणार. व्हिडिओ बघून. पहिल्या वर्षी मी नाही. ठीक आहे, नवीन होतो. दुसऱ्या वर्षी मी नाही. तिसऱ्या वर्षी एकाला कांजिण्या आल्या, आठच उरले, तरी मी नाही! मी काही बोललो? नाही बोललो. पण मनात ठरवलं, या वर्षी असा व्हिडिओ टाकायचा, की टाचवालेही गप्प आणि चवडेवालेही गप्प.

गाणं असं निवडलं, ज्याच्या मधोमध सगळी वाद्यं एकदम थांबतात. शांतता. सोळा ठोके ड्रमवाला एकटा. आणि सतराव्यावर सगळे परत येतात धाडकन. त्या सोळा ठोक्यांत तुमचा हात धरायला कोणी नाही. स्पीकर गप्प, गाणं गप्प, तुम्ही आणि देव. हे जमलं, की निवड पक्की.

व्हिडिओ कोण काढणार? बायको. नेहमी तीच काढते. ती नर्स आहे, मोठ्या वॉर्डात, वीस वर्षं झाली. त्या रविवारी ड्यूटीवरून आली, बारा तास उभी राहून, चहा करत होती, मी म्हटलं, 'चहा नंतर. उजेड जाईल.' मागच्या खोलीत माझा ड्रम, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तिथे तिला बुटक्या स्टुलावर बसवली. म्हटलं, 'फोन खाली धर, गुडघ्याजवळ. चेहरा नाही आला तरी चालेल, टाच आली पाहिजे.' ती म्हणाली, 'चेहरा खरंच नको?' मी म्हटलं, 'टाच!'

पहिल्यांदा वाजवलं, चुकलं. मी म्हटलं, 'तू हललीस.' दुसऱ्यांदा चुकलं. 'अगं हलू नकोस ना!' तिसऱ्यांदा, 'तू हललीस की माझं लक्ष जातं!' असं करत सात वेळा. सातव्यांदा जमलं. जमलं म्हणजे, सोळा ठोके झाले, सतरावा आला आणि गाणं आलं, मला वाटलं एकदम बरोबर. ती उठली, कमरेवर हात ठेवला, म्हणाली, 'आता चहा घेऊ?'

सोमवारी दुकानात आहे, समोर एक बाई, डोळ्यावर यंत्र, मी विचारतोय, 'हे स्पष्ट का ते?', आणि खिशात फोन नुसता थरथरतोय. छत्तीस कॉमेंट! गुरांचा डॉक्टर, 'टाच... टेकलेली आहे... पण मनापासून नाही...' लिफ्टवाला, 'टाच अर्धी उचललीय साहेब, धड वर नाही धड खाली नाही, मध्येच अडकलीय!' त्या बाई विचारतायत, 'अहो, कुठलं अक्षर वाचू?' मी म्हटलं, 'कुठलंही.'

आणि साडेबाराला मास्तरांचा मेसेज आला. मी तो उभ्या उभ्या वाचला. नंतर बसून वाचला. तुम्हाला तोंडपाठ सांगतो.

'व्हिडिओत दोन पाय आहेत. पेडलवरचा पळतो. कोपऱ्यात निळ्या सपाता घातलेला दुसरा पाय आहे. तो सोळाही ठोके जागेवर पडतो. तो कोणाचा? त्यांना मेळाव्याला आणावे.'

मी व्हिडिओ परत लावला. मोठा करून बघितला. खरंच हो! उजव्या कोपऱ्यात बायकोचा पाय. सपातेचं पुढचं टोक उचलतंय, पडतंय, उचलतंय, पडतंय. गाणं थांबलं तरी पडतंय. आणि सतराव्यावर गाणं आलं ते बरोबर तिच्या पायावर. मी केसभर आधी पोचलेलो. आणि एव्हाना ग्रुपात छत्तीस माणसं, माझ्या टाचेला विसरून, 'निळ्या सपाता, निळ्या सपाता!' टाचवाले म्हणतायत, बघा, त्यांची टाच टेकलेली आहे! चवडेवाले म्हणतायत, पण ठोका चवड्यानेच पडतोय! म्हणजे तीन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही पक्षांचं एकमत झालं, आणि कशावर? माझ्या बायकोच्या चपलेवर!

मी काय केलं असेल? व्हिडिओ काढून टाकला ग्रुपवरून. खोटं कशाला सांगू. संध्याकाळी ती आली, विचारलं, 'काय म्हणाले लोक?' मी म्हटलं, 'बरं म्हणाले.' 'आणि मास्तर?' 'मास्तर... विचार करतायत.' ती म्हणाली, 'अरे वा.' खूश झाली हो. माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी फोन लावायचा स्टँड घेऊन आलो. तिला म्हटलं, 'तुला उगाच त्रास. तू बस आरामात.' ती बसली पण, दुसऱ्या खोलीत, खुर्चीवर पाय वर घेऊन. मी दार लावलं. गाणं लावलं. सोळा ठोके आले... आणि मी गाणं यायच्या आधीच पोचलो. केसभर नाही, चांगला हातभर! दारात उभा, आणि घरात कोणी नाही, असं. परत वाजवलं. परत तेच. हळू जायचं ठरवलं, तर इतका हळू, की गाणं येऊन पुढे निघून गेलं. अकरा वेळा! आणि दर वेळी ती शांतता सुरू झाली की माझी मान आपोआप उजवीकडे वळायची, खाली बघायची. तिथे स्टँडचे तीन पाय. तिन्ही गप्प.

बाराव्यांदा दार उघडलं. बायको. म्हणाली, 'पळताय.'

'कशावरून?'

'कशावरून काय? गाणं मिनिटाला ब्याण्णवने चाललंय. एकटं सोडलं की तुम्ही एकशे चारवर जाता. वीस वर्षं नाड्या मोजतेय मी. तुम्ही पेशंट असता तर डॉक्टरांना उठवलं असतं.'

मग मात्र राहवलं नाही. मी फोन काढला, मास्तरांचा मेसेज तिच्या हातात दिला आणि म्हटलं, 'काल खोटं बोललो. व्हिडिओ मी काढून टाकला.' तिने वाचलं. परत वाचलं. मी वाट बघतोय, आता रडेल, चिडेल, माहेरी फोन लावेल. ती म्हणाली, 'निळ्या कुठे? हिरव्या आहेत त्या.'

आणि मलाही इतके दिवस निळ्याच वाटत होत्या! चष्म्याच्या दुकानात आहे मी!

मी विचारलं, 'अगं, पण तू मुद्दाम ठोकत होतीस?' ती म्हणाली, 'मग काय! पहिल्याच महिन्यात कळलं की गाण्याचा आधार सुटला की तुम्ही धावता. म्हणून ठोकायचे. तुम्हीही दर वेळी तिथेच बघत होतात. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.'

तुम्हाला सांगतो, त्यावर मला खाली बसावं लागलं. ड्रमवरच बसलो, तो वाजला. सहा वेळा मी त्या बाईला 'हलू नकोस' म्हटलं. बारा तास उभी राहून आलेली. आणि ती हलत होती ती फक्त माझ्यासाठी, आणि हलली नसती तर मी एकदाही घरी पोचलो नसतो. मी म्हटलं, 'चुकलं माझं.' ती म्हणाली, 'हो.' बस, एवढंच. मग म्हणाली, 'चला, वाजवा परत, मला उद्या सकाळची ड्यूटी आहे.' आणि स्टुलावर बसली. म्हटलं, 'स्टूल नको, खुर्ची घे.' खुर्ची आणली. उशी पण आणली.

मास्तरांना मीच फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता, साधारण सोळा ठोके. मग म्हणाले, 'दोघे या.'

गेलो. हॉल भरलेला. बायको पहिल्या रांगेत, माझ्या बरोबर समोर, हिरव्या सपाता घालून, कारण मास्तरांनी तसं कळवलं होतं. माझा नंबर आला. वाजवलं. मधली शांतता आली, हॉलमध्ये कोणी श्वास घेत नाही, मी खाली बघितलं, तो पाय, वर, खाली, वर, खाली... आणि सतराव्यावर गाणं आलं आणि मी आलो, दोघं एकदम, धाडकन! टाळ्या! माझी टाच कुठे होती मला माहीत नाही, त्यांनाही माहीत नाही, कारण सगळा हॉल तिच्या पायाकडे बघत होता!

मास्तर उठले. छाती पुढे, कडक चाल. मी स्टिका खाली ठेवल्या, उभा राहिलो, हात पुढे केला. ते माझ्या बाजूने तसेच पुढे गेले. बायकोसमोर थांबले. 'कोणाकडे शिकलात?' ती म्हणाली, 'वॉर्डात.' मास्तरांनी मान हलवली, जशी काही ती फार मोठ्या घराण्याची असावी. मी काही बोललो? नाही बोललो. आनंदच झाला मला. खरंच झाला.

पण आनंद किती दिवस टिकावा? चार! पाचव्या दिवशी संध्याकाळी गुरांच्या डॉक्टरचा फोन. मला नव्हे, तिला. 'वहिनी... एक गाणं आहे... त्यात जरा मी... वाहवतो...' ही म्हणते, 'लावा भाऊ, ठोकते.' फोन टेकवून ठेवला टेबलाखाली, आणि तिकडून ड्रम, इकडून हिचा पाय! मग लिफ्टवाला, 'वहिनी, पाचच मिनिटं, पाचच!' मग बाकीचे. परवा तर मास्तरांचा आला हो! एकतीस वर्षं पोलिसांच्या बँडात काढलेला माणूस, बारीक आवाजात विचारतो, 'उद्या वेळ आहे का?'

हिने वही केलीय. वॉर्डातल्यासारखी, पेशंटचं नाव, ठोके किती, पळतो का रेंगाळतो. काल मी स्टिका घेऊन मागच्या खोलीत गेलो, गाणं लावलं, हाक मारली, 'अगं, ये ना जरा!'

तिने वही उघडली, बोट फिरवलं आणि मला म्हणाली, 'गुरुवारी सव्वासातला चालेल? पण नक्की धरू नका, गुरांच्या डॉक्टरांची गाय आधी व्याली तर त्यांना तुमच्या वेळेवर ढकलावं लागेल.'

मी म्हटलं, 'चालेल.'