खिडकीबाहेरचा आवाज

शिरूरच्या स्टँडवर सविता एसटीची वाट पाहत होती. नवऱ्याची दारू कशी सुटणार, याचाच तिला घोर होता. मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

“जयसिंगआप्पा, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग तुम्ही इनामगावात सुरू केली, तवा किती जण आले?”

“कुणीच न्हाई, मुजीब. मी एकटाच.”

“मग?”

“दर रविवारी सतरंजी हातरायचो आन् उभा राहून सांगायचो, ‘मी जयसिंग. मी दारुडा हाय.’”

“रिकाम्या खोलीला? लोक येडं म्हनली असतील!”

“पीत होतो तवा बी म्हनायचीच. वर्षभर सांगत राहिलो. मग एका रविवारी खिडकीबाहेरनं आवाज आला, ‘मी बी.’”

“अंगावर काटा आला, आप्पा.”

सविता वळली.

“आप्पा, आमचं मालक आत यायला लाजत्याल. खिडकीशी उभं केलं तर चालंल का?”