काकूंच्या बाजूचा काटा

“‘इंजिनातल्या तेलाच्या दाबाचा काटा पडला की गाडी जागच्या जागी थांबवायची,’ असं मामंजी सांगायचे. ह्यांनी लाल दिवा दिसत असताना गाडी हाणली आणि इंजिन जाम केलं. आता काटा माझ्यासमोर बसवा.”

“पण काकू, चालवणार काका ना?” मेकॅनिकनं विचारलं.

“ते चालवतील, मी बघेन.”

“मग वायरीवर चालणारा नको. ज्यात नळीतून तेलच काट्यापर्यंत येतं, तो घ्या. तो खोटं बोलत नाही.”

“बसव बाबा,” काका म्हणाले. “पण काटा पडल्याशिवाय हिनं गाडीत तोंड उघडायचं नाही.”

“दिला शब्द,” काकू म्हणाल्या.

गॅरेजच्या बाकावरून मी ऐकत होते.

काटा बसला. काकू आत जाऊन बसल्या. काकांनी चष्मा गाडीच्या टपावर ठेवून घाम पुसला आणि तसंच स्टिअरिंगमागे शिरून इंजिन सुरू केलं.

काकूंनी काकांच्या बिनचष्म्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग काट्याकडे. काटा जागेवर होता.

त्यांनी ओठ मिटून घेतले. गाडी निघाली.