कळंबच्या गाडीचा हॉर्न

शिवकन्या : दार सोडा, आण्णा.

बब्रुवान : आधी बूट काढ.

शिवकन्या : न्हाय. पाव घंटा लागला नाड्या बांधायला. वाकलं की खोकला येतोय.

बब्रुवान : नाड्या बांधता येईनात अन् पळायला निघालीस. टीबी हाय बाई. डॉक्टर म्हणलेत, सहा म्हयने गोळ्या, तवर पळायचं नाव काढायचं न्हाय. दोनच झालेत.

शिवकन्या : अन् बारा तारखेला पोलीस भरतीचं ग्राउंड हाय. माझ्यासाठी थांबणार हाय का भरती?

बब्रुवान : तापलेलं मेंढरू कळपामागं पळवलं की वाटंतच बसतंय. जल्म गेला माझा मेंढरात.

शिवकन्या : अन् महेश्वरीला सांगितलं ते? ते बी मेंढरातच शिकलात?

बब्रुवान : काय म्हणली ती?

शिवकन्या : काल आलती. रोज पळताना पाच पावलं मागं असायची माझ्या. म्हणली, लगीन ठरतंय म्हणं तुझं, पळणं सोडलंस, तर बूट दे मला ग्राउंडला. आख्ख्या येरमाळ्यात हेच पसरवलंत तुमी.

बब्रुवान : कळपात रोग शिरला म्हणलं की गिऱ्हाईक फिरकत न्हाय. आजारी मेंढरू मागल्या अंगाला बांधायचं अन् तोंड गप ठेवायचं. माझ्या बापानं बी तेच केलं.

शिवकन्या : म्हंजे बाजारात उभी केलीय मला.

बब्रुवान : तसं न्हाय गं. उद्या कुणी पदरात घेतलं न्हाय तर?

शिवकन्या : चार वर्षं पळाले म्या. उलट्या हुईस्तवर पळाले. तुमी एका वाक्यात नवऱ्यापायी पळणं सोडणारी करून टाकलंत. टीबी काय चोरी हाय का? चोरी तुमी केलीत, आण्णा.

(बाहेर लांबून गाडीचा हॉर्न वाजतो.)

शिवकन्या : ऐका. कळंबची गाडी. डायव्हर सिद्धेश्वरमामा वळणावर हॉर्न वाजवायलेत. हॉर्न झाला की म्या सुटायची, गाडी दोन थांबे घेईस्तवर फाट्यावर हजर. दोन म्हयने झालं, अजून वाजवत्यात. त्यांना बी लगीनच सांगितलंत?

बब्रुवान : न्हाय. त्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलवंना.

शिवकन्या : मग जावा. खरं सांगून या. भरल्या गाडीत समद्यांना ऐकू जाऊ द्या. मग काढते बूट.

(बब्रुवान रस्त्यावर जाऊन परत येतो.)

शिवकन्या : सांगितलं?

बब्रुवान : टीबी झालाय, पळणं थांबलंय, सोडलं न्हाय. असंच म्हणलं. लोकं खिडकीतनं बघायलती.

शिवकन्या : मामा काय म्हणले?

बब्रुवान : गोळी चुकवू नको म्हणले.

शिवकन्या : अजून?

बब्रुवान : उद्यापासनं हॉर्न वाजवत न्हाय म्हणले. झोपू द्या पोरीला.

शिवकन्या : झोपू द्या म्हणले?

बब्रुवान : व्हय.

शिवकन्या : बूट महेश्वरीला नेऊन द्या. बारा तारखेपुरतेच, म्हणावं.

बब्रुवान : देतो.

शिवकन्या : नाड्या तेवढ्या तुमी सोडा, आण्णा. मला वाकता येईना.