सात महिन्यांचा दांडा

(जळगाव, १९९३. पंपाच्या कंपनीतली संगणकाची खोली. कौतिक इंजिनिअर आणि त्याचे काका उखर्डू आबा, असोद्याचे पंपमिस्त्री.)

— आबा, ठेवा तो तुकडा. हात काळे होतील.

— मिस्त्रीचे हात गोरे कधी होते, कौतिक? आमचा पोरगा रुपचंद कामाला आहे, त्या विहिरीवरचा ना हा?

— हो, गुजरातेतल्या वायूच्या विहिरीवरचा. विहिरीत साचलेलं पाणी उपसलं, तरच वायू वर येतो. त्या पंपाचा हा जुना दांडा. नवा किती टिकेल, ते मी संगणकावर काढलं. सात महिने.

— बोट फिरव इथून. एकाच अंगानं खाल्लाय हा.

— चार बाजूंनी मोजून सरासरी धरलीय मी.

— सरासरी? अरे, माहा टाळच घे. दोरी जिकडं ओढते, तिकडंच भोक झिजतं. मुक्ताईच्या देवळात कीर्तन भर रंगात, बुवा डोळे मिटून उभे, अन् माह्या हातात नुसती दोरी! टाळ गेला मृदंगावर.

— म्हणजे पंपाचं डोकं जरा कललं असेल, तर...

— तर एकच अंग घासंल. मांड ते गणित.

— ...चार महिने.

— नवा कधी घातला?

— पाच झाले, आबा.

— तुटला तर?

— तुकडा आत पडेल. दांड्याच्या रिकाम्या भोकातून वायू सुटेल, ठिणगी पडली तर भडका.

— फोन लाव.

— साहेब मुंबईला आहेत. उद्या तिथं माझाच अहवाल मांडणार. मी अजून नोकरीत कायम नाही, आबा. आधी त्यांना विचारतो, मग...

— साहेब उभा राहतो का दांड्याजवळ? माहा रुपचंद राहतो. त्याचं राहू दे, दुसऱ्या कोणाचा तरी पोरगा राहतोच ना रे!

— ...हॅलो? विहिरीवरून मोतीलालभाऊच ना? जळगावहून कौतिक. पंप बंद करा.

— काय शे रे, काय झालं? कालच साहेब बोलले, सात महिने हात लावू नका. कोणी सांगितलं बंद करायला?

— मीच. सात महिने मीच लिहिले होते. गणित चुकलं. माणसं लांब घ्या आधी.

— लेखी देशील?

— सहीनिशी. भाऊ, आत्ता बंद करा!

— धर. फोन ठेवू नको.

— कौतिक, काय म्हणतो तो?

— भाऊ बंद करायला गेलेत. पंपाचा ठोका ऐकू येतोय, आबा. अजून... अजून चालूच आहे.

— विठ्ठल, विठ्ठल.

— थांबला.

— पाणी पी. मग साहेबाला लाव. बसतो मी इथंच.